युद्धाचा इतिहास मुलांना कसा सांगावा?



आपल्या संस्थेने आम्हांला आज जो विषय दिला तो ऐकून काही मंडळींना नवल वाटले. पंचशीलातले पहिलेच शील प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे. मग विहाराच्या आवारात युद्धाची चर्चा कशाला? शंका रास्त आहे. परंतु आपण बोललो नाही म्हणून मुलांच्या कानावर युद्ध पडायचे थांबत नाही. १ जानेवारीला ती कोरेगावचे नाव ऐकतात. १७ सप्टेंबरला शाळेत मुक्तिसंग्रामाची भाषणे ऐकतात. हातातल्या मोबाईलवर तर युद्ध बारमाही चालू असते, तेही असे की जणू क्रिकेटचा सामना. तेव्हा मुलांनी युद्धाविषयी ऐकावे की नाही हे आपल्या हाती उरलेले नाही. कोणाकडून ऐकावे, एवढेच आपल्या हाती आहे.

आरंभ आपल्या घरच्या ग्रंथापासून करू. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. सिद्धार्थाने गृहत्याग का केला, याचे जुने उत्तर त्यांनी स्वीकारले नाही. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून एकोणतीस वर्षांचा माणूस प्रथमच हादरतो, हे त्यांच्या बुद्धीला पटले नाही. त्यांनी पुढे ठेवला तो रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा. शाक्य आणि कोलीय यांचे सेवक पाण्यावरून भांडले, दोन्हीकडची माणसे जखमी झाली आणि शाक्यांच्या सेनापतीने संघापुढे युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने विरोध केला. आधी चौकशी करा, दोन माणसे आपली, दोन त्यांची, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि तंटा मिटवावा, अशी त्याची सूचना होती. ठराव मतास टाकला गेला आणि सिद्धार्थ हरला. पुढे सैन्यभरतीची सक्ती झाली तेव्हा त्याने नकार दिला, आणि आपल्या कुटुंबावर बहिष्कार व जमीनजप्तीचे संकट येऊ नये म्हणून स्वतः देशत्याग पत्करला.

परभणी जिल्ह्यातल्या मुलाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी शेवटच्या टोकाच्या गावाला पोहोचले नाही की काय होते, हे त्याने पाहिलेले असते. युद्ध हत्ती-घोड्यांनी सुरू होत नसते, ते बांधावर आणि चारीवर सुरू होते, हे त्याच्या लगेच ध्यानात येते. आणि आणखी एक गोष्ट त्याला दाखवता येते. बहुमताने केलेला ठरावही चुकीचा असू शकतो, आणि तो चुकीचा आहे असे सभेत उभे राहून सांगणाऱ्यास किंमत मोजावी लागते.

सम्राट अशोकाची गोष्ट तर सर्वच मुलांना पाठ असते. कलिंगची लढाई झाली, रक्ताचे पाट वाहिले, राजाला पश्चात्ताप झाला, राजा बौद्ध झाला. बस्स! परीक्षेत पाच गुण. पण तेराव्या शिलालेखात काय आहे ते मुलांसमोर नीट ठेवले तर वर्ग गप्प होतो. दीड लाख माणसे तेथून पकडून नेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कित्येक पट इतर कारणांनी मेली, हे खुद्द जिंकणारा राजा दगडावर कोरून ठेवतो. जिंकलेल्या राजांचे शिलालेख जगात पुष्कळ आहेत. आपल्या हातून मेलेल्यांची मोजदाद दुःखाने करणारा असा दुसरा लेख शोधून काढणे अवघड आहे. मात्र येथेच थांबू नये. ज्या कलिंगात हे घडले त्या कलिंगातल्या धौली आणि जौगड येथील खडकांवर हा तेरावा लेख कोरलेलाच नाही. तेथे त्याऐवजी वेगळे लेख आहेत, ज्यांत सर्व प्रजा माझी लेकरे आहेत असे राजा आपल्या अधिकाऱ्यांना बजावतो. हे कळताच मुले विचारतात, "मग सर, ज्यांना मारले त्यांच्यापुढेच त्याने ते का नाही सांगितले?" विद्वानांत यावर मतभेद आहेत. शिक्षकानेही उत्तर देण्याची घाई करू नये. अशोकाला मोठे म्हणणारा आणि तरीही त्याला प्रश्न विचारणारा विद्यार्थी आम्हांस हवा आहे.

आता कोरेगावकडे वळू. हा विषय आपल्या काळजाजवळचा आहे, म्हणून तो अधिक जपून सांगावा लागतो.

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन शिरूरहून पुण्याकडे निघाला. त्याच्यासोबत मुंबई फौजेच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे सुमारे पाचशे शिपाई, अडीचशेच्या आसपास घोडेस्वार, मद्रासचे चोवीस गोलंदाज आणि दोन तोफा होत्या. १ जानेवारी १८१८ रोजी सकाळी भीमेच्या काठी पेशव्यांची मोठी फौज दृष्टीस पडली आणि त्यांनी कोरेगावच्या घरांचा आसरा घेतला. रात्रभर चालून आलेले हे लोक दिवसभर अन्नपाण्यावाचून गल्लीबोळात लढले. रात्री लढाई थांबली. स्टाँटनची सुमारे पावणेतीनशे माणसे ठार, जखमी वा बेपत्ता झाली. २६ मार्च १८२१ रोजी तेथे स्तंभाची पायाभरणी झाली. त्यावर धारातीर्थी पडलेल्या ४९ जणांची नावे आहेत. त्यांतील २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे, म्हणजे ती महार शिपायांची आहेत.

आपल्या सभांतून 'पाचशे महार विरुद्ध अठ्ठावीस हजार' अशी घोषणा होते. आम्ही मुलांना ती तशीच सांगत नाही. त्या पाचशेंत महारांबरोबर मराठे होते, मुसलमान होते, इतरही जातींचे लोक होते. पेशव्यांच्या बाजूला अठ्ठावीस हजारांचा जमाव असला तरी गावावर चालून आलेल्या तुकड्या दोन-अडीच हजारांच्या आसपास होत्या, आणि त्यांत अरब, गोसावी असे नाना प्रकारचे लोक होते. हे सांगितल्याने आपल्या पूर्वजांचे शौर्य कमी होते, असे काही बांधवांना वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जात होता त्यांनी त्या दिवशी सर्वांच्या खांद्याला खांदा लावून बंदूक चालवली आणि मेल्यावर सर्वांच्या पंगतीत त्यांचे नाव कोरले गेले, ही गोष्ट कोणत्याही आकड्याहून मोठी आहे. उद्या कोणी कागद दाखवून मुलाचा एक आकडा खोडून काढला तर तो सगळाच इतिहास खोटा समजू लागेल. त्याला आधीच खरा आकडा माहीत असावा.

आणि हेही सांगावे की ज्या कंपनीसाठी हे लोक लढले त्या कंपनीच्या वारस सरकारने १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरतीच बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्ज-विनंत्या केल्या. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ महार पलटण उभी राहिली. गरज सरली आणि १९२१ साली ती मोडली. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभाजवळ गेले. ते स्वतः सुभेदाराचे चिरंजीव होते. तेथे जाण्यामागे इंग्रजांचे गोडवे गाण्याचा हेतू नव्हता, आपल्या समाजाला आपली नावे वाचून दाखवण्याचा होता. पुढे १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली आणि तिच्या बिल्ल्यावर आरंभी कोरेगावचाच स्तंभ होता. फाळणीच्या वेळी याच रेजिमेंटच्या जवानांनी निर्वासितांच्या तांड्यांचे रक्षण केले. मुलांना लढाया सांगतोच आहोत तर हे राखणदारीचे कामही सांगितले पाहिजे. ते फारसे कोणी सांगत नाही.

१ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव परिसरात दगडफेक झाली, जाळपोळ झाली, एका तरुणाचा जीव गेला. दोनशे वर्षांपूर्वीच्या लढाईचे स्मरण करायला गेलेली माणसे रक्तबंबाळ होऊन परतली. इतिहास मेलेला नसतो, एवढे त्या दिवशी सर्वांनाच कळले असेल.

मघाशी नावांचा उल्लेख केला. त्या मुद्द्यावर आम्हांस थोडे थांबावयाचे आहे.

पहिल्या महायुद्धात हजारो भारतीय शिपाई मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कामास आले. कुतच्या वेढ्यात आपल्याकडच्या मराठा पलटणीही सापडल्या होत्या. १९२९ साली बसरा येथे मोठे स्मारक झाले. त्यावर इंग्रजांची नावे कोरली, भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली. साधे भारतीय शिपाई मात्र पलटणीच्या नावाखाली नुसत्या आकड्यात नोंदले गेले. अमुक पलटण, इतर शिपाई इतके. कोरेगावच्या दगडावर १८२१ साली साध्या शिपायाचे नाव येऊ शकले, आणि शंभर वर्षांनंतर बसऱ्यात येऊ शकले नाही! राष्ट्रकुलाच्या युद्धस्मारक आयोगाने २०२१ साली या भेदभावाची कबुली दिली आणि माफी मागितली. आपल्या महाराष्ट्रातही कित्येक गावांत त्या महायुद्धाच्या दगडी पाट्या आहेत. या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके मेले, असा त्यांवर मजकूर असतो. नाव एकाचेही नसते. मुलांना अशा पाटीपुढे उभे करून एवढेच विचारावे, की हे 'इतके' म्हणजे कोण?

नावाची किंमत आपल्या समाजाला दुसऱ्याने शिकवायला नको. विधिमंडळाचा ठराव २७ जुलै १९७८ चा आणि विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले १४ जानेवारी १९९४ रोजी. मधली सोळा वर्षे मराठवाड्यात आपली घरे कशी जळाली हे येथे बसलेल्या ज्येष्ठांना ठाऊक आहे. दगडावरच्या, पाटीवरच्या नावासाठी ज्यांनी हे सोसले, त्यांनी दुसऱ्यांचीही गाळलेली नावे शोधली पाहिजेत. आम्ही हे परभणीत उभे राहून म्हणतो आहोत, कारण आपल्या अंगणातले युद्ध १९४८ चे आहे, आणि त्यातली फार नावे गाळलेली आहेत.

आपला जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. मराठवाड्याचे जिल्हे पाच, त्यांत परभणी एक. हिंगोली, वसमत, कळमनुरी ही सगळी परभणीतच होती, हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. निजामाने भारतात सामील होण्यास नकार दिला, कासिम रझवीच्या रझाकारांनी खेडोपाडी धुमाकूळ घातला, स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, कित्येक कुटुंबे हद्दीपलीकडे वऱ्हाडात गेली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने हार मानली. एवढे शाळेत सांगतात आणि ते खरे आहे. वसमतच्या महाविद्यालयाला हुतात्मा बहिर्जींचे नाव आहे. परभणी शहरात राजगोपालाचारी उद्यानात दर वर्षी १७ सप्टेंबरला ध्वजारोहण होऊन हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. किती मुलांना माहीत आहे, की ज्यांच्या नावाचे हे उद्यान ते राजगोपालाचारी त्या सप्टेंबरात भारताचे गव्हर्नर जनरल होते?

जे सांगितले जात नाही ते असे. त्या दिवसांत आपला समाज एका बाजूला नव्हता. बी. एस. व्यंकटराव निजामाच्या लायक अली मंत्रिमंडळात मंत्री होते. श्यामसुंदर हे हैदराबादची बाजू मांडण्यासाठी संयुक्त राष्ट्रांत गेलेल्या शिष्टमंडळात होते. दुसरीकडे जे. एच. सुबय्या यांच्यासारखे कार्यकर्ते बाबासाहेबांच्या मार्गाने चालत होते. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये निवेदन काढून हैदराबादच्या अस्पृश्यांना बजावले होते, की निजामाची आणि इत्तेहादची बाजू घेऊ नका आणि संकटातून सुटका म्हणून धर्मांतराच्या मागे लागू नका. निजामाकडे जाणारे सगळेच लाचार होते असे आम्ही म्हणणार नाही. गावच्या पाटलाने पाणवठ्यावर येऊ दिले नाही आणि दुसऱ्या कोणी जवळ बोलावले, तर उपाशी माणूस कोठे जाईल? त्या वेळच्या निर्णयांची कारणे मुलांना कळली पाहिजेत. पण बाबासाहेबांनी पुढचे पाहिले होते. पोलीस ॲक्शननंतर काही ठिकाणी आपल्याही वस्त्यांवर 'तुम्ही रझाकाराचे' म्हणून डूख धरला गेला. अशा हकिगती घराघरांत आहेत, पुस्तकात क्वचित.

आणि त्याहून अवघड भाग पुढचा. १७ सप्टेंबरनंतरच्या दिवसांत मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी हे नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात फिरले. सर्वांत अधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत त्यांनी आपल्या शेजारचा नांदेड आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आजचा धाराशिव, यांची नोंद केली. संपूर्ण संस्थानात मेलेल्यांचा त्यांचा अंदाज सत्तावीस हजार ते चाळीस हजार असा होता. हा अहवाल कित्येक वर्षे लोकांपुढे आला नव्हता. त्याच अहवालात, आपला जीव धोक्यात घालून शेजारच्या मुसलमानांना वाचवणाऱ्या हिंदूंच्याही हकिगती आहेत. रझाकारांनी मारलेले आणि नंतर सूडापोटी मारले गेलेले, असे दोन्ही मुलांना सांगितले पाहिजेत. एकाचे सांगून दुसऱ्याचे लपवले तर तो इतिहास होत नाही, तो पुढच्या भांडणाचा दारूगोळा होतो.

येथे एक गाऱ्हाणे. १७ सप्टेंबरला पुष्कळ शाळांतून नाटुकली बसवतात. त्यात एका मुलाला दाढी-टोपी लावून रझाकार करतात आणि बाकीची मुले लुटुपुटीच्या तलवारी घेऊन त्याच्यावर धावून जातात. पालक टाळ्या वाजवतात. त्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसलेल्या शेख वा पठाण आडनावाच्या पोराकडे कोणाचे लक्ष असते? शेवटच्या बाकाचा अनुभव आपल्याइतका कोणाला आहे? आमचे तरुण आज शाळाशाळांतून शिक्षक आहेत. निदान त्यांनी तरी असली नाटके बसवू नयेत. त्याऐवजी एखाद्या घराने शेजाऱ्याला कणगीत किंवा माळवदावर लपवले, अशी आपल्या गावची ऐकीव गोष्ट असेल तर ती मुलांकडून करवून घ्यावी. ती करायला अवघड आहे, कारण त्यात तलवार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्याकडे येतो. १९४८ साली जो मुलगा आठ-दहा वर्षांचा होता तो आज पंचाऐंशी ओलांडून गेला आहे. अशी माणसे प्रत्येक गावात दोन-चार उरली असतील, फार तर. पुढच्या पाच-सात वर्षांनी विचारायला कोणी असणार नाही. म्हणून या पावसाळ्यातच एक दोनशे पानी वही घ्या आणि त्यांच्याकडे जा. जाताना एकटे जाऊ नका, घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर न्या, म्हणजे आजोबा मोकळे बोलतील. 'मुक्तिसंग्रामाविषयी सांगा' असे विचाराल तर ते दरवर्षीचे भाषणच ऐकवतील. लहान प्रश्न विचारा. रझाकारीच्या साली तुम्ही कोठे लपलात? काय खाल्ले? जनावरे कोणी सांभाळली? गाव सोडताना काय बरोबर घेतले? परत आल्यावर घर कसे होते? कोणी आसरा दिला, आणि तुम्ही कोणाला दिला? आजीला वेगळे विचारा, आजोबांच्या देखत विचारू नका. बायकांची त्या सालातली आठवण पुरुषांच्या आठवणीहून निराळी असते. काही गोष्टी आजी सांगणार नाही. तेथे आग्रह करू नका, ते पान कोरे सोडा.

महारवाड्यातच फिरू नका. मराठ्यांच्या वाड्यावर जा, मोमीनपुऱ्यात जा, वडारांच्या आणि लमाणांच्या तांड्यावर जा. तीन घरांत एकच घटना तीन तऱ्हेने सांगितली जाईल. तिन्ही लिहा, आपल्याकडून जुळवाजुळव करू नका. सांगणाऱ्याचे वय, सांगितल्याची तारीख, स्वतः पाहिले की ऐकले, हे प्रत्येक पानावर असले पाहिजे. सांगणाऱ्याने नाव छापू नका म्हटले तर छापायचे नाही. मेलेल्याचे नाव मात्र जरूर विचारा. पूर्ण नाव आठवत नसेल तर जे आठवेल ते लिहा, सखूचा बाप, मशिदीजवळचा शिंपी, तराळकी करणारा म्हातारा. तेवढेही कोठे नोंदलेले नाही.

मोबाईलवर आवाज टिपून घेतला तर उत्तमच. पण वही लिहाच. मोबाईल पडतो, फुटतो, विकला जातो.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना आमची विनंती आहे, की या वह्या जमा करण्यासाठी विहाराच्या वाचनालयात एक कपाट राखून ठेवावे आणि त्याची किल्ली विद्यार्थ्यांपैकीच दोघांकडे असावी. पुढच्या १७ सप्टेंबरच्या सकाळी ध्वजवंदनाहून परतल्यावर येथेच बसून त्यांतली पाने मोठ्याने वाचू. ज्यांच्या घरच्या हकिगती असतील त्या सर्वांना बोलवावे, मोमीनपुऱ्यातल्यांनाही. चहापाण्याचा खर्च आम्ही शिक्षक मंडळी वाटून घेऊ.

जयभीम.